तुमचं उत्तर पोहोचलं का? विकेंद्रित नेटवर्कवर रिप्लाय आणि कमेंट नीट चालवण्यासाठी

जुलैमधली संध्याकाळ धरा. दादरच्या एकीने मॅस्टोडॉनवर लिहिलं, "कुर्ला-शीवच्या मध्ये रुळांवर पाणी, धीम्या गाड्या थांबल्यात." चाळीस मिनिटांनी एका ठाणेकराने खाली उत्तर दिलं, "सुरू झाल्या, वीस मिनिटं उशिराने." डोंबिवलीला जाणारा तिसरा माणूस फोर्टमधल्या ऑफिसात बसून पहिली पोस्ट बघतोय. उत्तर त्याला दिसतच नाही. नेट चालू आहे, ॲप ठीक आहे, कोणी कोणाला ब्लॉक केलेलं नाही. तिघांची खाती तीन वेगळ्या सर्व्हरवर आहेत, म्हणून हे झालं.

फेसबुकवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये असा प्रश्न येत नाही, कारण तिथे सगळी उत्तरं एकाच कंपनीच्या यंत्रणेतून जातात. विकेंद्रित नेटवर्कवर मजकूर अनेकांच्या सर्व्हरवर विखुरलेला असतो. मॅस्टोडॉन, ब्लूस्काय, नॉस्टर ही अशी सोशल नेटवर्क, किंवा स्वतःच्या साइटवर येणाऱ्या वेबमेन्शन (दुसऱ्याच्या साइटवरून आलेली उत्तरं), यांत उत्तराचा प्रवास वेगवेगळा आहे. हे मार्गदर्शन दोन प्रकारच्या नवख्यांसाठी आहे: नुसतं खातं उघडून बोलू पाहणारे, आणि वाचक मंडळासाठी, सोसायटीसाठी किंवा स्वतःच्या साइटसाठी छोटा सर्व्हर वा कमेंटची सोय उभी करू पाहणारे. पहिल्या गटाने पायरी ४ आणि १० वरवर वाचली तरी चालेल.

लागणारं साहित्य

– तीन चाचणी खाती, तीन वेगवेगळ्या मॅस्टोडॉन सर्व्हरवर. दोन पुरत नाहीत. खरी गळती तिसऱ्या सर्व्हरवरच दिसते.
– ब्लूस्कायचं एक खातं. त्यावर स्वतःचं टूल चालवणार असाल तर सेटिंगमधून वेगळा ॲप पासवर्ड काढा, मुख्य पासवर्ड कुठल्याही स्क्रिप्टला देऊ नका.
– नॉस्टर वापरणार असाल तर किल्ल्यांची जोडी. खासगी किल्ली कागदावर उतरवून ठेवा. "पासवर्ड विसरलात?" हे बटण तिथे नसतं.
– साइट किंवा सर्व्हर चालवायचा असेल तर स्वतःचं डोमेन, चालू एचटीटीपीएस सर्टिफिकेट आणि बरोबर लागलेलं घड्याळ.
– ब्राउझरची प्रायव्हेट विंडो, म्हणजे लॉगिन नसलेल्याला काय दिसतं ते कळेल.
– एक मराठी चाचणी-वाक्य, ज्यात "क्ष", "ऱ्या", "ॲ", एखादी इमोजी, एक मेन्शन (@ लावून घेतलेलं कोणाचं नाव) आणि एक लिंक आहे. उदाहरणार्थ: "क्षितिजावर बऱ्याच ढगांमुळे ॲपमधला नकाशा दिसेना ☔" आणि पुढे मेन्शन व लिंक. इंग्रजीत "टेस्ट टेस्ट" लिहून केलेली चाचणी मराठीच्या अर्ध्या चुका दाखवत नाही.

१. आधी दोन मालक वेगळे करा

उत्तर कोणाचं? लिहिणाऱ्याचं. ते त्याच्या सर्व्हरवर राहतं, तो ते दुरुस्त करतो, तोच खोडतो. पण माझ्या पोस्टखाली काय दिसावं, हे कोणी ठरवायचं? ते माझ्याकडे असायला हवं. वाड्याच्या ओट्यावर कोणी काय बोलावं यावर माझा ताबा नाही, पण माझ्या ओट्यावर कोणाला बसू द्यायचं हे मी ठरवतो. बोलणारा उठून स्वतःच्या ओट्यावर तेच बोलू शकतो.

पुढची जवळपास प्रत्येक अडचण हे दोन हक्क एकत्र कालवल्यामुळे येते. मूळ लेखकाला इतरांची उत्तरं कायमची नष्ट करता आली तर ती मुस्कटदाबी झाली. त्याला स्वतःच्या पोस्टखालून काहीच हटवता आलं नाही तर ट्रोलांची चंगळ. कुठलंही सॉफ्टवेअर निवडताना या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी विचारा.

२. उत्तर कुठे कुठे जातं ते समजून घ्या

मॅस्टोडॉन ज्या ॲक्टिव्हिटीपब प्रोटोकॉलवर, म्हणजे सर्व्हरनी एकमेकांशी बोलायच्या नियमांवर, चालतं तो जानेवारी २०१८ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने मानक म्हणून मान्य केला. त्याची पद्धत टपालासारखी आहे. तुम्ही सार्वजनिक उत्तर लिहिलंत की तुमचा सर्व्हर त्याच्या प्रती पाठवतो: तुमच्या फॉलोअरांच्या सर्व्हरना, आणि ज्यांना मेन्शन केलं किंवा ज्यांना उत्तर दिलं त्यांच्या सर्व्हरना. मूळ लेखकाच्या फॉलोअरांना पाठवायला त्या सर्व्हरकडे त्यांचे पत्तेच नसतात.

आता ठाणेकराचं उत्तर पाहा. त्याचे फॉलोअर ठाण्याच्या आणि पुण्याच्या सर्व्हरवर आहेत. मेन्शन दादरकरणीचं, म्हणून प्रत तिच्या सर्व्हरवरही गेली. डोंबिवलीकराच्या सर्व्हरवर ठाणेकराला फॉलो करणारं कोणीच नाही. तिथे प्रत गेली नाही, म्हणून दिसली नाही.

यावर तीन इलाज आहेत, तिन्ही आज अर्धेमुर्धे वापरात आहेत.

पहिला, पुढे पाठवणं. दादरकरणीच्या सर्व्हरने आलेलं उत्तर तिच्या फॉलोअरांच्या सर्व्हरना धाडावं, असं प्रोटोकॉलमध्येच लिहिलंय. मॅस्टोडॉन ते काही अटींवर करतं. अडचण सहीची आहे: दादरच्या सर्व्हरने पाठवलेलं उत्तर खरोखर ठाणेकराचंच आहे हे डोंबिवलीच्या सर्व्हरने कशावरून मानायचं? त्यासाठी मजकुरालाच सही जोडावी लागते, आणि सगळी सॉफ्टवेअरं ती जोडत नाहीत.

दुसरा, जाऊन आणणं. प्रत्येक पोस्टसोबत उत्तरांची यादी असते. वाचणाऱ्याच्या सर्व्हरने मूळ सर्व्हरकडे जाऊन ती यादी मागायची आणि प्रत्येक उत्तर ज्याच्या त्याच्या घरून आणायचं. मॅस्टोडॉन ४.४ मध्ये ही सोय ॲडमिनने मुद्दाम सुरू करावी लागायची, ४.५ पासून ती सगळीकडे सुरू असते. सर्व्हर निवडताना "अबाउट" पानावर किंवा पानाच्या तळाशी आवृत्ती बघा. जुनी असेल तर थ्रेडमध्ये, म्हणजे पोस्ट आणि तिच्याखालच्या उत्तरांच्या साखळीत, भोकं पडणार हे गृहीत धरा.

तिसरा, थ्रेडला मालक देणं. लेमी या ॲक्टिव्हिटीपबवरच्या चर्चामंचात प्रत्येक कम्युनिटी हे स्वतःच एक खातं असतं; कमेंट आधी तिच्याकडे जाते आणि ती सगळ्या सदस्य-सर्व्हरना वाटते. तिथे उत्तरं फारशी हरवत नाहीत. हीच कल्पना साध्या पोस्टलाही लावावी, असे प्रस्ताव फेडिव्हर्सच्या, म्हणजे ॲक्टिव्हिटीपबने जोडलेल्या सर्व्हरांच्या जाळ्याच्या, एफईपी या सुधारणा-प्रस्तावांच्या मालिकेत आहेत (क्रमांक ७८८८ आणि १७१बी वाचा). योग्य रस्ता हाच आहे असं आमचं मत: मूळ पोस्टचा सर्व्हर त्या गप्पांची यादी सांभाळेल, बाकीचे ती वाचतील, उत्तराचा मजकूर मात्र ज्याचा त्याच्याकडे राहील.

ब्लूस्कायमध्ये वाट निराळी आहे. प्रत्येकाचा मजकूर त्याच्या स्वतःच्या डेटा सर्व्हरवर असतो, पण एक रिले सगळीकडचा प्रवाह गोळा करतो आणि ॲपव्ह्यू नावाचा थर त्यातून थ्रेड बांधतो. म्हणून तिथे सगळ्यांना जवळपास सारखीच उत्तरं दिसतात. किंमत अशी की सगळ्या जगाचा प्रवाह साठवणारा ॲपव्ह्यू चालवणं मंडळाच्या खर्चात बसत नाही. नॉस्टरमध्ये रिले म्हणजे पोस्ट साठवून पुढे देणारे साधे सर्व्हर; तुमचं ॲप ज्या रिलेंना जोडलंय तिथे जे पडलंय तेवढंच दिसतं. म्हणून उत्तर पाठवताना ते तुमच्या "लिहायच्या" आणि समोरच्याच्या "वाचायच्या" रिलेंवर, दोन्हीकडे टाकावं लागतं. चांगली ॲप हे स्वतः करतात.

एक गंमत अशी की उत्तर पोहोचलं तरी ते होम फीडमध्ये येईलच असं नाही. मॅस्टोडॉनच्या होममध्ये दुसऱ्याला दिलेलं उत्तर तेव्हाच येतं जेव्हा तुम्ही त्या दोघांनाही फॉलो करता. हा दोष म्हणू नका, नाहीतर निम्मं होम दुसऱ्यांच्या गप्पांनी भरलं असतं.

३. उत्तर देण्यापूर्वी पोस्ट आपल्या सर्व्हरवर ओढा

कोणी लिंक पाठवली, तुम्ही उघडली, आणि "रिप्लाय" दाबल्यावर भलत्याच सर्व्हरचं लॉगिन समोर आलं. नवखे इथेच वैतागून दुसरं खातं उघडतात. गरज नाही.

(क) पोस्टचा पूर्ण पत्ता कॉपी करा.
(ख) स्वतःच्या सर्व्हरवर लॉगिन असताना तो शोधाच्या चौकटीत टाका आणि एंटर दाबा.
(ग) तुमचा सर्व्हर ती पोस्ट आणतो. त्या प्रतीखाली उत्तर द्या.

पूर्ण चर्चा वाचायची असेल तर पोस्टच्या मेनूतून "मूळ पान उघडा" निवडा. ज्या उत्तरांची खबर मूळ सर्व्हरला आहे ती तिथे दिसतात. गाडी सुरू झाली का, रविवारचा मेगाब्लॉक हार्बरवर आहे की मुख्य मार्गावर, असल्या बाबतीत मूळ पान न बघता पोस्ट पुढे पाठवू नका.

सापळा: उत्तर लिहिताना सुरुवातीचं @नाव नीटनेटकं दिसावं म्हणून पुसू नका. मॅस्टोडॉनमध्ये सूचना मेन्शनवरून जाते. पुसलंत तर उत्तर थ्रेडमध्ये लागेल, पण ज्याला दिलंय त्याच्या सूचनांमध्ये येणार नाही. लेमीच्या कम्युनिटीला मॅस्टोडॉनवरून उत्तर देताना कम्युनिटीचं हँडलही (@ लावलेलं पूर्ण नाव) राहू द्या.

४. दुवे बरोबर जोडा (टूल किंवा साइट बनवणाऱ्यांसाठी)

ॲक्टिव्हिटीपबमध्ये उत्तराच्या वस्तूत "इन-रिप्लाय-टू" रकाना असतो. त्यात पालक पोस्टचा आयडी घालायचा. नेहमी होणारी चूक म्हणजे ब्राउझरमध्ये दिसणारा पानाचा पत्ता तिथे टाकणं. मॅस्टोडॉनमध्ये पानाचा पत्ता आणि वस्तूचा आयडी सारखे नसतात. आधी त्या पत्त्यावरून ॲक्टिव्हिटी-जेएसओएन, म्हणजे पोस्टचं यंत्राला वाचता येणारं रूप, मागवा, त्यातला "आयडी" वाचा, तोच वापरा.

मेन्शन दोन जागी लागतं: मजकुरात लिंक म्हणून आणि "टॅग" यादीत. शिवाय त्या व्यक्तीचा पत्ता "टू" किंवा "सीसी"मध्ये हवा. सार्वजनिकचा पत्ता "टू"मध्ये असेल तर मॅस्टोडॉन पोस्टला पूर्ण सार्वजनिक समजतं, "सीसी"मध्ये असेल तर शांत सार्वजनिक, म्हणजे शोध आणि सार्वजनिक टाइमलाइनमध्ये न येणारी.

ब्लूस्कायच्या उत्तरात दोन दुवे असतात: "रूट" (थ्रेडची पहिली पोस्ट) आणि "पेरेंट" (जिला थेट उत्तर देताय ती). पहिल्या पोस्टलाच उत्तर असेल तर दोन्ही सारखे. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर असताना पालकालाच रूट म्हणून टाकलंत तर थ्रेड तुटतो. पालकाच्या नोंदीतला रूट जसाच्या तसा उचला. प्रत्येक दुव्यात पत्त्यासोबत सीआयडी, म्हणजे मजकुराचा ठसा, असतो. त्यामुळे तुम्ही नेमक्या कुठल्या मजकुराला उत्तर दिलं ते कायम सिद्ध करता येतं. पोस्ट बदलून उत्तर देणाऱ्याला तोंडघशी पाडण्याचा जुना खेळ इथे पकडला जातो; मॅस्टोडॉनमध्ये त्यासाठी संपादनाचा इतिहास उघडून बघावा लागतो.

नॉस्टरच्या साध्या नोटला उत्तर देताना "ई" टॅगला खूण करायची. मूळ नोटलाच थेट उत्तर असेल तर एकच टॅग, "रूट" खुणेचा. खोलवर असाल तर "रूट" आणि "रिप्लाय" असे दोन. लांब लेख किंवा वेबपान यांवरच्या कमेंटसाठी वेगळा प्रकार आहे, क्रमांक ११११. तो प्रकार १ च्या साध्या नोटना उत्तर द्यायला वापरायचा नाही. वापरलात तर बरीच ॲप तुमची कमेंट दाखवणारच नाहीत.

वेळेचा सापळा खास आपल्यासाठी. सर्व्हर भारतीय वेळेवर लावून स्क्रिप्टने तीच वेळ पुढे "झेड" लावून, म्हणजे जागतिक वेळ म्हणून, पाठवली तर उत्तर साडेपाच तास भविष्यातलं होतं. "+०५:३०" लिहा किंवा आधी जागतिक वेळेत बदला. सर्व्हरमधल्या पत्रव्यवहाराच्या सहीतली तारीखही जीएमटीतच लागते. घड्याळ फार चुकलं तर समोरचा सर्व्हर तुमचं उत्तर दारातूनच परत पाठवतो.

५. देवनागरी मोजताना

मॅस्टोडॉनची नेहमीची मर्यादा ५०० अक्षरं. लिंक कितीही लांब असली तरी २३ धरली जाते, आणि मेन्शनमध्ये सर्व्हरचं नाव मोजलं जात नाही. ब्लूस्कायची मर्यादा ३०० ग्राफीम, म्हणजे डोळ्यांना दिसणारी अक्षरं, आणि वरून ३००० बाइट.

ग्राफीम म्हणजे काय यावर संगणकांचं एकमत नाही. "क्षितिज" घ्या. युनिकोडमध्ये त्याचे ७ घटक, यूटीएफ-८ (मजकूर बाइटमध्ये साठवायची नेहमीची रीत) मध्ये प्रत्येकी ३, म्हणजे २१ बाइट. जुन्या नियमाने ग्राफीम ४, कारण "क्" सुटा मोजला जातो. युनिकोड १५.१ (२०२३) नंतरच्या नियमाने ३, कारण जोडाक्षर एक धरलं जातं. तुमच्या फोनचं ॲप नव्या नियमाने मोजत असेल आणि सर्व्हर जुन्या, तर ॲप म्हणेल जागा आहे आणि सर्व्हर म्हणेल लांब झालं. जोडाक्षरं भरपूर असतील तर वीस-पंचवीस अक्षरांची जागा सोडा. ३००० बाइटची मर्यादा मराठीला सहसा आडवी येत नाही. तेवढ्यात देवनागरीचे १००० घटक मावतात.

खरा घोळ ब्लूस्कायच्या लिंक आणि मेन्शनमध्ये होतो. मेन्शन कुठून कुठपर्यंत आहे ते तिथे बाइटमध्ये सांगायचं असतं. "नमस्कार" आणि एक जागा, त्यानंतर मेन्शन: बाइटने मोजलं तर ते २२ वर सुरू होतं. जावास्क्रिप्टच्या साध्या लांबीने मोजलं तर ८. आठवा बाइट "स"च्या पोटात येतो. परिणाम: मेन्शन चुकीच्या अक्षरांवर रंगतं किंवा रंगतच नाही. इंग्रजीत दोन्ही मोजण्या सारख्या येतात, म्हणून टूल बनवणाऱ्याला हे वर्षभर कळत नाही. मजकूर आधी यूटीएफ-८ बाइटमध्ये बदला, मगच मोजा.

शब्द गाळण्याच्या फिल्टरचंही तसंच. "ऱ्या" दोन रीतींनी टाइप होतो: "ऱ" अक्षर वापरून, किंवा "र", हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडखूण घालून. दिसायला एक, संगणकाला दोन. "ॲ" सुद्धा एकसंध किंवा "अ" वर चंद्र देऊन. फिल्टरमध्ये दोन्ही रूपं टाका. आणि "पूर्ण शब्दच जुळवा" हा पर्याय मराठीसाठी बंद ठेवा. तो चालू ठेवून "लोकल" गाळायचं ठरवलंत तर "लोकलने", "लोकलची", "लोकलमध्ये" सगळे सुटून येतात.

पोस्टची भाषा "मराठी" निवडा. देवनागरी बघून कित्येक ॲप हिंदी धरतात. मग मराठीपुरती टाइमलाइन ठेवणाऱ्यांना तुमचं उत्तर दिसत नाही, आणि भाषांतराचं बटण दाबणाऱ्यांना भलतंच काही वाचायला मिळतं.

६. उत्तर कोणाला दिसणार ते दर वेळी तपासा

मॅस्टोडॉनमध्ये चार पातळ्या आहेत: सार्वजनिक, शांत सार्वजनिक, फक्त फॉलोअर, आणि फक्त मेन्शन केलेले. लांब चर्चेत पहिलं उत्तर सार्वजनिक आणि पुढची शांत सार्वजनिक ठेवण्याची रीत बरी. इतरांच्या टाइमलाइन भरत नाहीत.

"फक्त फॉलोअर" म्हणजे तुमचे फॉलोअर, मूळ लेखकाचे नव्हेत. दादरकरणीच्या सार्वजनिक पोस्टखाली असं उत्तर दिलंत तर तिच्या वाचकांना तिथे काहीच दिसत नाही, आणि तुमच्या उत्तरावर आलेली उत्तरं मात्र दिसू शकतात. मग चर्चा फोनवर एकाच बाजूचं बोलणं ऐकल्यासारखी होते.

सर्वांत महाग पडणारा सापळा खासगी मेन्शनचा. सोसायटीच्या सेक्रेटरींबद्दल दोघं कुजबुजताय आणि कोणी ओघात त्यांचं हँडल @ लावून लिहिलं, की ते त्या संभाषणात दाखल झाले. त्यांना तो संदेश पोहोचतो. नाव घ्यायचं तर @ शिवाय घ्या. शिवाय खासगी मेन्शन एन्क्रिप्टेड नसतं. दोन्ही बाजूंचे सर्व्हर-ॲडमिन तांत्रिकदृष्ट्या ते वाचू शकतात. बँकेचे तपशील, ओटीपी, आजारपण असलं काही तिथे नको.

७. नको असलेली उत्तरं

ब्लूस्कायमध्ये थ्रेड सुरू करणाऱ्याला कोणी उत्तर द्यावं ते ठरवता येतं: सगळे, कोणीच नाही, मेन्शन केलेले, मी फॉलो करतो ते, ठरावीक यादीतले. आलेलं एखादं उत्तर "सगळ्यांसाठी लपवा" असंही करता येतं. ते थ्रेडच्या तळाशी वेगळ्या बटणामागे जातं, नष्ट होत नाही. पायरी १ मधला दुहेरी हक्क इथे बराचसा पाळला गेलाय. लक्षात ठेवा, हा अधिकार फक्त पहिल्या पोस्टच्या लेखकाकडे असतो. मधल्या उत्तराखाली ट्रोल जमले तर त्या उत्तराच्या लेखकाला तो चालवता येत नाही. तिथले ब्लॉक सार्वजनिक नोंद असतात, हेही माहीत असू द्या.

मॅस्टोडॉनमध्ये ब्लॉक केलंत तर तो माणूस तुम्हाला दिसत नाही, पण त्याने आधी दिलेलं उत्तर इतर सर्व्हरवर तुमच्या पोस्टखाली लटकत राहू शकतं. त्यावर उपाय म्हणजे तक्रार, आणि ती करताना "त्याच्या सर्व्हरलाही पाठवा" ही खूण लावायची. गोटूसोशल हे छोट्या सर्व्हरसाठीचं सॉफ्टवेअर एक पाऊल पुढे आहे: कोणाचं उत्तर आपोआप चालेल आणि कोणाचं मंजुरीनंतर, हे पोस्टगणिक ठरवता येतं. मात्र ती भाषा न समजणारे सर्व्हर मंजुरीची वाट बघत नाहीत.

ॲडमिन असाल तर एखादा पूर्ण सर्व्हर "निलंबित" करण्याआधी "मर्यादित" करून पाहा. निलंबनाने दोन्हीकडची फॉलो नाती तुटतात आणि जुन्या थ्रेडमध्ये खिंडारं पडतात. भारतातून सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी आणखी एक: सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपायला सांगितलंय, आणि इतरांच्या मजकुराबद्दलचं संरक्षण माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७९ मध्ये अटींसह आहे. बाहेरच्यांना खाती देण्याआधी जाणत्या वकिलाशी अर्धा तास बोला.

८. खोडणं

तुम्ही खोडलंत की तुमचा सर्व्हर बाकीच्यांना "हे काढा" असं कळवतो. बहुतेक ऐकतात. बंद पडलेला सर्व्हर ऐकत नाही, नॉस्टरचा रिले ऐकेलच असं नाही, आणि स्क्रीनशॉट तर कोणाचंच ऐकत नाही. मॅस्टोडॉनमध्ये पालक पोस्ट गेली की खालची उत्तरं अनाथ होऊन सुट्या पोस्ट बनतात. ब्लूस्कायमध्ये "पोस्ट काढली आहे" अशी जागा राहते आणि उत्तरं तिला लटकून असतात. दुसरी पद्धत वाचकाला बरी, निदान काहीतरी होतं हे कळतं. पाण्याची, गाड्यांची माहिती चुकली तर पोस्ट खोडू नका, संपादन करून वर "दुरुस्ती, सायं. ७.१०" असं लिहा.

९. एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर

ब्रिजी फेड हा पूल मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय जोडतो. तो आपखुशीचा आहे: पुलाच्या खात्याला फॉलो केलंत तरच तुमच्या पोस्ट पलीकडे जातात. उत्तरांच्या बाबतीत लोक इथे फसतात. दादरकरणी पुलावर आहे, तिची पोस्ट ब्लूस्कायवर दिसते, तिथल्या कोणी उत्तर दिलं. पण तो स्वतः पुलावर नसेल तर त्याचं उत्तर तिच्यापर्यंत येत नाही. तिला वाटतं कोणी विचारत नाही, त्याला वाटतं बाई फार गर्विष्ठ. ओळख करून घेताना आधी एकमेकांना पूल लावायला सांगा.

५०० अक्षरांची पोस्ट ब्लूस्कायच्या ३०० मध्ये मावत नाही, म्हणून पूल ती कापून मूळ लिंक देतो. महत्त्वाचं ते पहिल्या अडीचशे अक्षरांत आणा.

१०. स्वतःच्या साइटखाली कमेंट

वर्डप्रेस असेल तर ॲक्टिव्हिटीपब प्लगइन लावा. मॅस्टोडॉनवरची उत्तरं साइटवर कमेंट म्हणून, नेहमीच्या मंजुरीच्या रांगेत येतात. अडतं ते तीन ठिकाणी. एक, पर्मालिंक "साधे" ठेवलेले असणं. दोन, पेज कॅशे: दुसरा सर्व्हर जेएसओएन मागतो आणि कॅशे त्याला एचटीएमएल पान चिकटवतो. तीन, होस्टिंगची फायरवॉल बाहेरून आलेली "पोस्ट" विनंती अडवते. साइट उपफोल्डरमध्ये असेल तर वेबफिंगरचा (हँडलवरून खातं शोधून देणाऱ्या सोयीचा) पत्ता डोमेनच्या मुळाशी पोहोचता करावा लागतो, नाहीतर तुमचं हँडल कोणाला सापडणार नाही.

स्थिर साइट असेल तर प्रत्येक लेखासोबत एक मॅस्टोडॉन पोस्ट टाका आणि तिच्या "कॉन्टेक्स्ट" एपीआयमधून उत्तरं आणून लेखाखाली दाखवा. लॉगिन टोकन नसताना ही एपीआय ६० च उत्तरं देते, २० पायऱ्यांच्या खोलीपर्यंत. एकसष्टावं उत्तर गायब झालं म्हणून कोड उकरत बसू नका. आलेला मजकूर एचटीएमएल असतो, तो गाळल्याशिवाय पानावर ओतलात तर कोणीही तुमच्या साइटवर स्क्रिप्ट चालवू शकेल. आणि फक्त सार्वजनिक उत्तरंच दाखवा; शांत सार्वजनिक लिहिणाऱ्याने गाजावाजा नको म्हणूनच ती पातळी निवडली असते.

वेबमेन्शन (डब्ल्यू३सी मानक, जानेवारी २०१७) सर्वांत साधं. तुमच्या लेखावर कोणी स्वतःच्या साइटवर उत्तर लिहितं, त्यांची साइट तुमच्या दारावर दोन पत्ते टाकते: कुठून आणि कशाबद्दल. तुमच्या बाजूने त्या पानावर तुमची लिंक खरंच आहे का हे तपासायचं, मगच कमेंट दाखवायची. त्यांनी पान काढून ४१० ("पान कायमचं गेलं" हा संकेत) दिलं आणि पुन्हा कळवलं, तर तुम्हीही काढायची.

सर्व्हर घरी ठेवायचा विचार असेल तर आधी इंटरनेटवाल्याला विचारा की स्वतंत्र सार्वजनिक आयपी मिळतो का. एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असेल तर बाहेरचं उत्तर तुमच्या घरापर्यंत थेट येऊ शकत नाही. सात दिवस सापडला नाही तर मॅस्टोडॉन तुमच्या सर्व्हरला अनुपलब्ध धरून पाठवणंच थांबवतं, तेव्हा गणपतीत गावी जाताना मशीन बंद करून जाऊ नका.

११. तीन खात्यांची चाचणी

खाती अ, ब, क, तीन सर्व्हरवर. क फक्त अ ला फॉलो करतो. ब ला कोणीच फॉलो करत नाही.

(क) अ ने मराठी चाचणी-वाक्य सार्वजनिक टाकावं.
(ख) ब ने शोधातून ती पोस्ट ओढून उत्तर द्यावं, त्यातही तेच वाक्य.
(ग) अ ला सूचना आली का, जोडाक्षरं आणि मेन्शन शाबूत आहेत का, वेळ बरोबर आहे का बघा.
(घ) क च्या खात्यातून अ ची पोस्ट उघडा. उत्तर दिसायला काही मिनिटं द्या, पान पुन्हा उघडा.
(च) प्रायव्हेट विंडोत अ चं मूळ पान उघडून ताडून घ्या.
(छ) ब ने उत्तर संपादित करावं, मग खोडावं. दोन्ही वेळा अ आणि क कडे काय राहिलं ते लिहून ठेवा.

(घ) मध्ये उत्तर दिसलं नाही तर उत्तराचा स्वतःचा पत्ता क च्या शोधात टाका. मिळालं, तर वस्तू ठीक आहे आणि पोहोचवणं चुकतंय: "टू" आणि "सीसी", सही, घड्याळ या क्रमाने तपासा. तसंही मिळालं नाही, तर बहुधा ब चा सर्व्हर जेएसओएनऐवजी पान देतोय. कॅशे बंद करून पुन्हा बघा.